नवीन टीव्ही घ्यायचाय : मानपाडा, १० बाय १६ चा हॉल, बजेट ६० हजार

मानपाडाकर
नमस्कार मंडळी. आमचा बारा वर्षांचा ३२ इंची टीव्ही गेला. आधी उजव्या कडेला एक हिरवी उभी रेघ आली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि गेल्या रविवारी अर्धा पडदा काळा पडला. मेकॅनिक येऊन बघून गेला. पॅनल गेलंय, ते बदलण्यापेक्षा नवीन घ्या म्हणाला. पाडव्याला घ्यावा असं घरात ठरतंय.

घरात आई, बाबा, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. आई दुपारी एक ते तीन मालिका बघते, रात्री पुन्हा आठ ते दहा. बाबा ७४ वर्षांचे, सकाळी बातम्या आणि मॅच असली की मॅच. मी आणि बायको रात्री उशिरा एखादा सिनेमा. हॉल १० फूट रुंद, १६ फूट लांब. टीव्ही लांब भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला. पश्चिमेला गॅलरी, समोर येऊरचा डोंगर. दुपारी तीननंतर ऊन आत येतं.

तीन दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात आणि सगळे टीव्ही सारखेच झगझगीत दिसतात. ५५ इंची घ्यायचा हे जवळपास नक्की केलंय. कुठला प्रकार घ्यावा? आईबाबा दिवसाचे पाचसहा तास याच्यासमोर असतात, त्यामुळे चुकायला नको.

पिक्सेलवेडा
खारघरहून. दादा, बजेट थोडं वाढवता आलं तर सरळ ओलेड घ्या. बाकी सगळे टीव्ही, अगदी क्यूएलईडी नावाचेसुद्धा, मुळात एलसीडीच असतात. मागे दिवे, पुढे पडदा. क्यूएलईडीत त्या दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने रंग शुद्ध येतात, पण काळा रंग काळा होत नाही, कारण मागचा उजेड थोडा झिरपतोच. मिनी एलईडीत मागे शेकडो बारीक दिवे असतात आणि ते गटागटाने मंद करता येतात, म्हणून तो बराच बरा. ओलेडमध्ये मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच पूर्ण विझतो. रात्री दिवे घालवून सिनेमा बघाल तर दुसरं काही आवडणार नाही. बाजूने बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत.

आणि भाव उतरलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय.

वाशी_सेक्टर_नऊ
६५ घ्या. ५५ दोन महिन्यांत लहान वाटायला लागतो.

नेरूळकरीण
मानपाडाकर, एक विचारते. आई मालिका कशावर बघतात? केबल, डिश की मोबाइलसारखं ॲपवर? आणि बॉक्स टीव्हीला कुठल्या वायरने जोडलाय? हे कळल्याशिवाय कुठला टीव्ही घ्या हे सांगण्यात अर्थ नाही.

मानपाडाकर
ताई, डिश आहे, दहाएक वर्षं जुना बॉक्स. आत्ता मागे जाऊन बघितलं. लाल, पिवळी, पांढरी अशा तीन पिनांची वायर आहे.

नेरूळकरीण
तेच वाटलं होतं. आमच्या घरी अगदी हेच झालं म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी मोठा ४के टीव्ही आणला. दुकानात समुद्र, पोपट, बर्फाचे डोंगर, बघत राहावं असं चित्र. घरी आणून बॉक्स जोडला आणि सासूबाई म्हणाल्या, "जुन्यात चेहरे तरी ओळखू यायचे गं." खरंच, सगळ्यांचे चेहरे मेण वितळल्यासारखे. आम्ही टीव्हीला दोष देत बसलो, माणूस बोलावला, त्याने बॉक्सची वायर बघून दोन मिनिटांत उत्तर दिलं.

त्याने मला हिशोब करून दाखवला, तो माझ्या लक्षात राहिलाय. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ४केचा पडदा ३८४० बाय २१६० चा. गुणाकार करून भागलंत तर बरोबर २० पट येतं. म्हणजे वाहिनीकडून आलेला एक ठिपका टीव्हीला वीस ठिपक्यांवर ताणायचा असतो. उरलेले एकोणीस तो अंदाजाने भरतो. ३२ इंचावर ते खपून जातं, ५५ वर प्रत्येक चेहऱ्यावर दिसतं.

त्यामुळे माझं म्हणणं असं, की टीव्हीच्या पैशातून आधी एचडी बॉक्स आणि आईंच्या दोनतीन वाहिन्यांचं एचडी पॅक बाजूला काढा. जोडणी एचडीएमआय वायरने. त्या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही, बॉक्स कितीही चांगला असो. टीव्ही त्यानंतर उरलेल्या पैशात. आईंच्या दिवसाचे चार तास यावर अवलंबून आहेत.

पिक्सेलवेडा
ताईंचं पटलं. मी ॲपवरच सगळं बघतो, त्यामुळे हे डोक्यात आलं नाही. ॲपवर बघणार असाल तर ४के साठी घरातलं नेट १५ ते २५ एमबीपीएस सलग मिळायला हवं. वायफाय गचके खात असेल तर राउटरपासून लॅनची वायर टीव्हीपर्यंत न्या.

घंटाळी
वय ७६, त्यामुळे आजोबांच्या बाजूने लिहितो. आवाजाकडे लक्ष द्या. पूर्वीच्या डब्यासारख्या टीव्हीत स्पीकर समोर तोंड करून असायचे. आताच्या पातळ टीव्हीत ते खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. गाणी मोठी आणि बोलणं अस्पष्ट. आपण आवाज वाढवतो, शेजारच्या खोलीतल्या नातवंडाचा अभ्यास बिघडतो, मग आपण कमी करतो आणि काही कळत नाही. माझ्याकडे हे रोज व्हायचं.

मुलाने छोटा साउंडबार लावून दिला, टीव्हीच्या आर्क लिहिलेल्या एचडीएमआय भोकातून. त्यात बोलणं उठावदार करायचं बटण आहे. आता आवाज पूर्वीच्या निम्म्यावर असतो आणि वाक्यं कळतात. शिवाय एकच रिमोट पुरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं की टीव्हीच्या रिमोटनेच साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो. दोन रिमोट म्हाताऱ्या माणसाला फार त्रास देतात. कुठल्याने काय बंद झालं तेच कळत नाही आणि मुलगा ऑफिसातून येईपर्यंत टीव्ही निळा पडून राहतो.

जुना_कारागीर
ऐरोलीत २८ वर्षं टीव्ही दुरुस्ती करतो. पिक्चर ट्यूबपासून आत्तापर्यंतचे उघडलेत. चारपाच गोष्टी लिहितो, थोडं लांबेल.

पहिलं तुमच्या जुन्या टीव्हीबद्दल. उभी रेघ, मग दुसरी, मग अर्धा पडदा. मानपाडाकर, पडदा कशाने पुसायचात? ओल्या फडक्याने किंवा काचेच्या स्प्रेने पुसत असाल तर तेच कारण असण्याची शक्यता खूप आहे. पडद्यावर मारलेला फवारा ओघळून खाली पट्टीच्या आत जातो. तिथेच, बऱ्याच सेटमध्ये, काचेच्या कडेला कागदासारख्या पातळ रिबन चिकटवलेल्या असतात. आमच्या धंद्यात त्यांना कॉफ म्हणतात. एकेक रिबन पडद्याच्या एकेका उभ्या पट्ट्याला चित्र पोचवते. तिथे ओल गेली की आधी एक रेघ येते, मग पट्टा, मग अर्धा पडदा. दसरा-दिवाळीच्या साफसफाईनंतरच्या पंधरा दिवसांत माझ्याकडे असे टीव्ही रांगेने येतात. नवीन घ्याल तो टीव्ही बंद आणि गार असताना कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा. डाग असेल तर फडकं किंचित ओलं, घट्ट पिळलेलं. पडद्यावर थेट काहीही मारायचं नाही.

दुसरं. ओलेड सुचवलंय, पण आधी मला सांगा, तुमच्याकडे रात्री झोपताना टीव्हीचं मेन बटण बंद करतात का?

मानपाडाकर
कारागीर दादा, आईच पुसायची, आणि हो, स्प्रेने. दर शनिवारी, देवघर पुसून झालं की टीव्ही. तिला वाचून दाखवलं तर तिचा चेहरा पडला. म्हणाली, "माझ्यामुळेच गेला की रे." तिला म्हटलं, बारा वर्षं तूच तो चकचकीत ठेवलास, आम्हाला कुणालाही हे माहीत नव्हतं. पण तिला वाईट वाटलंय. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने घरी हे आजच सांगा.

मेन बटण रोज बंद होतं. गॅस, मेन बटण, दाराची कडी, हा आईचा झोपण्याआधीचा क्रम आहे.

जुना_कारागीर
आईंना माझ्याकडून सांगा, बारा वर्षं हे ३२ इंचीचं भरपूर आयुष्य झालं. त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आता ओलेडचं. त्यातला प्रत्येक ठिपका जळत जळत थोडा झिजतो, आणि सगळे सारखे झिजत नाहीत. म्हणून काही तास चालल्यावर बंद केला की तो स्टँडबायमध्ये स्वतःच ठिपक्यांची बरोबरी करून घेतो. त्यासाठी त्याला वीज मिळत राहावी लागते. रिमोटने बंद करून लगेच मेन बटण पाडलं की ते काम अर्धवट राहतं. त्यात आजोबा रोज बातम्या बघतात. वाहिनीचा लोगो आणि खालची लाल पट्टी रोज दोनदोन तास एकाच जागी. त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. ओलेड वाईट नाही, चित्र पाहिलं तर मीही खूश होतो. पण तुमच्या घराच्या सवयींना तो जुळत नाही, आणि ७४ व्या वर्षी आजोबांनी सवयी बदलाव्यात असं मी कधीच सुचवणार नाही.

तिसरं. साध्या एलईडीत, म्हणजे मागे एलईडी दिवे असलेल्या एलसीडीत, पॅनल दोन जातींचं येतं, व्हीए आणि आयपीएस. खोक्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. व्हीएचा काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३००० ला १ च्या पुढे, रात्रीच्या सिनेमाला छान. पण बाजूने बघितलं की रंग पांढुरके होतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १, अंधारात काळा रंग राखाडी दिसतो, पण बाजूला बसलेल्यालाही चेहरे नीट दिसतात. तुमच्याकडे कोण कुठे बसतं ते सांगा. ते लिहिलेलं नाहीत.

मानपाडाकर
आम्ही सगळे सोफ्यावर, टीव्हीसमोर. बाबा मात्र नाही. बाबांची आरामखुर्ची गॅलरीच्या दाराशी आहे. पेपर वाचायला उजेड तिथेच येतो आणि डोंगर दिसतो. टीव्हीच्या मध्यापासून सहा फूट डावीकडे असेल. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. हे लिहिताना लक्षात येतंय की टीव्ही निवडताना मी सोफ्यावरूनच विचार करत होतो.

कळवेकर
सहा फूट बाजूला आणि आठ फूट अंतर म्हणजे ३५ ते ४० अंशांचा कोन झाला. व्हीए पॅनल तिथून नक्की पांढुरकं दिसणार. आजोबांना दुकानात घेऊन जा. खरंच न्या. आणि टीव्हीसमोर नाही, बाजूला सहा फुटांवर उभं करा.

पाचपाखाडी
फर्निचरचं काम करतो म्हणून विचारतो, टीव्ही युनिट आहे का? असेल तर मधल्या खणाची रुंदी आतून मोजा. सांगून टाका, मगच इंच ठरवू.

मानपाडाकर
आहे. २०१६ ला ताबा मिळाला तेव्हा सुताराकडून करून घेतलेलं. दोन्ही बाजूंना काचेचे उभे खण, मध्ये मोकळी जागा. ४ फूट असेल.

पाचपाखाडी
४ फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर. ५५ इंची टीव्ही हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ५५ इंच असतो. नुसता पडदाच १२१.८ सेंटीमीटर रुंद, वर चौकट. बाहेरून १२३ च्या आसपास जातो. तुमच्या खणात तो जाणारच नाही. अशा तीन घरांत मला ऐन सणाला बोलावलंय, टीव्ही खोक्यात आणि घरचे हवालदिल. ५० इंचीचा पडदा ११०.७ सेंटीमीटर, तो आरामात बसतो आणि मागून हवा खेळायला दोन्हीकडे जागा राहते.

एक सोपं काम करा. जुने पेपर चिकटवून ५० आणि ५५ च्या मापाचे दोन आयत कापा आणि भिंतीवर लावून रात्रभर बघा.

मानपाडाकर
काल रात्री केलं. लेकीने चार पेपर चिकटवून ११० बाय ६२ चा आयत केला, वर पेन्सिलने ५० लिहिलं, आणि मी सेलोटेपने तो खणात लावला. आई सोफ्यावर बसून म्हणाली, "एवढा? बास की." ५५ चा पेपर दोन्हीकडून काचेच्या दारांवर चढला. आत आईच्या आईने दिलेली पितळेची घंगाळं आहेत, ती दारं उघडलीच नसती. दुकानात बुकिंगचे पैसे देऊन यायचं उद्यावर होतं. पाचपाखाडी, तुमचे मनापासून आभार.

उंचीचा मुद्दा राहिलाच. पेपर लावताना कळलं की मी तो फार वर धरत होतो. बायको म्हणाली, मान वर करून बघायला लागतंय. शेवटी आयताचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर आणला, तेव्हा सोफ्यावरून नजर सरळ गेली.

वाशी_सेक्टर_नऊ
खणाचं माप बघता माझं ६५ मागे घेतो. ८ फुटांवरून ५० व्यवस्थित आहे.

पिक्सेलवेडा
अंतराचा एक ठोकताळा देतो. इंचांना १.६ ने गुणा, तेवढ्या इंचांवर बसलात की पडदा नजरेत नीट भरतो. ५० चे ८० इंच, म्हणजे पावणेसात फुटांच्या जरा आत. ५५ चे ८८, म्हणजे सव्वासात फुटांच्या जरा पुढे. तुमच्या ८ फुटांना ५५ चांगला बसला असता, पण ५० नेही काही बिघडत नाही.

जुना_कारागीर
आता अडचण अशी, की ५० इंचीत बहुतेक पॅनल व्हीए जातीचीच येतात. आयपीएस ४३ आणि ५५ मध्ये जास्त मिळतं. म्हणजे ५० घेतलात तर आजोबांच्या खुर्चीचा प्रश्न तसाच राहतो. त्याला उपाय आहे. भिंतीला सपाट ब्रॅकेटऐवजी बाहेर ओढून वळवता येणारा हाताचा ब्रॅकेट लावा. टीव्ही खणातून फूटभर पुढे ओढायचा आणि आजोबांकडे वळवायचा. मॅच झाली की परत आत. गॅलरीतलं ऊन पडद्यावर येतंय म्हणालात, तेही वळवून टाळता येतं.

पण आधी भिंत कशाची आहे ते बघा. हे फार महत्त्वाचं. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरात मायवानची भिंत असते, अख्खी सिमेंट काँक्रीट, तिथे हॅमर ड्रिल लागतं पण एकदा बोल्ट बसला की हत्ती लटकवा. दुसऱ्या इमारतींत सिपोरेक्सचे ब्लॉक असतात, वजनाला हलके, आतून भुसभुशीत. तिथे साध्या प्लास्टिकच्या गुट्टीवर सपाट ब्रॅकेट कसाबसा धरतो, पण हाताचा ब्रॅकेट बाहेर ओढला की वजन तरफेसारखं वरच्या बोल्टवर येतं आणि गुट्टी भुशासकट बाहेर येते. टीव्ही खाली, आणि खाली मूल असलं तर? ड्रिल करताना पांढुरकी मऊ पूड आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं की समजा सिपोरेक्स. आणखी एक, स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो.

मानपाडाकर
जुन्या ब्रॅकेटच्या भोकातून खिळा फिरवून बघितला. पांढरी पूड. सिपोरेक्स आहे. पलीकडे आमचीच बेडरूम आहे, शेजाऱ्यांची भिंत नाही.

जुना_कारागीर
मग उत्तम. बोल्ट आरपार घ्या आणि बेडरूमच्या बाजूने लोखंडी पट्टी लावून नट आवळा. भिंत मध्ये चिमटली जाते, ओढ एका गुट्टीवर न येता पट्टीभर पसरते. कंपनीचा माणूस बसवायला येतो तो हे करणार नाही, त्याच्याकडे फक्त सोबत आलेला ब्रॅकेट असतो. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पट्टी कापून घ्या. टीव्हीच्या मागच्या भोकांचं माप बघा, २०० बाय २०० असं काहीतरी मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, ब्रॅकेट त्या मापाचा हवा.

स्टॅबिलायझरचा खर्च करू नका. आताच्या टीव्हीची पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टमध्ये चालते. सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड मात्र घ्या, आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लगबरोबर डिशची वायरही काढा. विजेचा झटका प्लगमधूनच येतो असं लोकांना वाटतं. मी दर जूनमध्ये एचडीएमआय भोकं जळलेले टीव्ही बघतो, झटका छतावरच्या डिशमधून, बॉक्समधून टीव्हीत उतरलेला असतो.

कळवेकर
दुकानात बघायची एक युक्ती. तिथे सगळे टीव्ही दुकानाच्या मोडवर ठेवलेले असतात, उजेड आणि रंग टोकाला. विक्रेत्याला घरचा मोड लावायला सांगा. आणि त्यांचा पोपटाचा व्हिडिओ नको, एखादी मराठी मालिका एसडीत लावायला सांगा. खरी परीक्षा तिथेच होते.

मानपाडाकर
शनिवारी बाबांना घेऊन गोखले रोडवर गेलो. कळवेकरांनी सांगितलं तसंच केलं. बाबांना एका ५० इंची टीव्हीच्या बाजूला उभं केलं, मी समोर. मालिका लावली. बाबा म्हणाले, "चेहऱ्यांना पावडर फासल्यासारखं दिसतंय." मी समोरून बघत होतो, मला रंग व्यवस्थित दिसत होते. एकाच टीव्हीसमोर आम्ही दोघं दोन वेगळी चित्रं बघत होतो. मग विक्रेत्याच्या मदतीने टीव्ही बाबांकडे वळवला आणि ते लगेच म्हणाले, "आता बरोबर."

५० इंची ४के घेतला, साधा, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. उरलेल्या पैशात एचडी बॉक्स, छोटा साउंडबार आणि हाताचा ब्रॅकेट. सगळं मिळून साठच्या आत बसलं. वर पैसे टाकून १२० हर्ट्झचा घेण्याचा आग्रह झाला. मुलगी गेम खेळत नाही आणि आपल्याकडचं मॅचचं प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमच्या पुढे जात नाही, म्हणून नको म्हटलं.

नेरूळकरीण
छान केलंत! खोकं आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा, माणूस जायच्या आधी पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून बघा. पॅनल फुटलेलं नंतर कळलं तर वाद होतो. तसं काही झालंच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बिलावर वॉरंटी टीव्हीची किती आणि पॅनलची किती हे वेगळं लिहून घ्या.

पिक्सेलवेडा
सिनेमा बघताना सेटिंगमध्ये फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. नसेल तर हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो.

जुना_कारागीर
बॅकलाइट १०० वर ठेवू नका. ६०-७० पुरे. मागचे दिवे तापून जातात, ते वाचतात. आवाज येतोय आणि पडदा काळा असं कधी झालं तर टॉर्च जवळ धरून बघा. चित्र अंधुक दिसलं तर दिव्यांची पट्टी गेलीये, पॅनल नाही. कुणी पॅनल बदला म्हणालं तर घाई करू नका.

घंटाळी
जुन्या टीव्हीचं काय केलंत? भंगारवाला काच फोडून तांबं काढतो आणि बाकीचं नाल्यात टाकतो. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

मानपाडाकर
आजोबा, दुकानाने एक्स्चेंजमध्ये घेतला, पण ई-कचऱ्याकडे जाणार का हे विचारून पावतीवर लिहून घेतलं.

ब्रॅकेट काल लागला. बेडरूममध्ये कपाटामागे दीड फुटाची लोखंडी पट्टी आहे, तिला रंग द्यायचा राहिलाय. मी दोन्ही हातांनी टीव्ही ओढून वजन देऊन बघितलं, भिंत हलली नाही. मुलीला वळवायचं कसं ते शिकवलं, आजोबांची मॅच असली की ते काम तिचं.

आई दुपारी बॉक्सचं नवीन रिमोट घेऊन बसली होती. मालिकेत लग्नाचा प्रसंग होता. मला ऑफिसात फोन केला. मला वाटलं काही बिघडलं. म्हणाली, "अरे, तिच्या नथीतले मोती मोजता येतायत."

पुसायचं फडकं तिने स्वतःच वेगळं काढून ठेवलंय, कोरडं, जुन्या सुती साडीचं.

कळवेकर
ब्रॅकेट किती इंच बाहेर येतो? आमच्याकडेही सिपोरेक्स आणि कोपऱ्यातली खुर्ची आहे.

मानपाडाकर
१५ इंच. घेताना टीव्हीचं वजन खोक्यावर बघा आणि ब्रॅकेटवर लिहिलेली क्षमता त्याच्या निदान दुप्पट घ्या. पट्टीची जाडी आम्ही ५ मिलिमीटर ठेवली. फोटो लागला तर व्यक्तिगत निरोप टाका.